मांजरीचा हिशेब

मागच्या जानेवारीत आमच्या वावरातल्या खोलीमागे एक मांजर मरून पडलेली सापडली. राखाडी अंगाची, डावा कान फाटलेली. ती आमची नव्हती. कुणी तिला पाळलं नव्हतं, नाव दिलं नव्हतं. दोन वर्षं ती कधी सोयाबीनच्या कुटारात, कधी गोठ्याच्या आढ्यावर, कधी बैलगाडीखाली दिसायची आणि माणूस चार पावलं जवळ आला की नाहीशी व्हायची. पण ती मेली मात्र आमच्यामुळे.

झालं असं, की पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवलेल्या सोयाबीनच्या बियाण्याची पोती उंदरांनी खालून कुरतडली. पोतं उचललं की अर्धं बी जमिनीवर. तूर घरात यायची होती, तिचंही हेच होणार हे दिसत होतं. मी विषारी वड्या आणायला सांगितल्या. ब्रोमॅडिओलोन नावाचं विष असतं ते. त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि आतल्या आत रक्तस्राव होऊन उंदीर मरतो. पण लगेच नाही. काही दिवस जातात. त्या दिवसांत उंदीर सुस्तावतो, भर दिवसा बाहेर फिरतो, पळता पळत नाही. मांजरीला यापेक्षा सोपी शिकार कुठली? आम्ही तिला दोनतीनदा तोंडात उंदीर घेऊन जाताना पाहिलं आणि खूश झालो. ती रोज थोडं थोडं विष खात होती, हे आमच्या लक्षात आलं नाही. वड्यांच्या डब्यावर बारीक अक्षरात सूचना छापलेली होती. रोज मुलांना "प्रश्न नीट वाचा" म्हणून सांगणाऱ्या बाईने ती वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुटारातून आवाज यायला लागला. तीन पिल्लं होती. एक निपचित पडलेलं, ते त्याच रात्री गेलं. दोन उरली. जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहून सांगितलं, पाचेक आठवड्यांची असतील. हात लावला की फिस्कारायची, नखं काढायची. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अम्मा म्हणतो, त्यांनी लगेच निकाल दिला : "कमरे में बंद करो, नहीं तो भाग जाएंगे. पंधरा दिन खिलाओ, फिर देखो."

पिल्लं खोलीत ठेवली, दार लावलं. तेव्हा माझ्या धाकट्या मुलीने विचारलं, "अम्मी, मांजरीला कोंडलं म्हणूनच ती बाई जहन्नममध्ये गेली होती ना?"

मकतबात तिला ही हदीस नुकतीच शिकवली होती. मलाही लहानपणी शिकवली होती. आई तर आम्ही मारलीच होती, आता पिल्लं कोंडली. मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. मग पुढचे पंधरावीस दिवस, पिल्लांना खायला घालता घालता, मी मांजर आणि माणूस यांच्या जुन्या नात्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

ही गोष्ट धान्यापासून सुरू होते. आज पॅलेस्टाईन, सीरिया, जॉर्डन, तुर्कस्तान म्हणतात त्या टापूत माणसं एका जागी घर करून राहू लागली आणि घराबरोबर घरउंदीर आला. शेती नीट सुरू होण्याच्याही आधी, सुमारे १५ हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्यांमध्ये घरउंदराचे अवशेष सापडतात. पुढे माणूस धान्य पेरायला आणि साठवायला लागला, तसा उंदीर वाढला. उंदरामागे त्या भागातलं रानमांजर आलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कुत्र्यासारखं त्याला माणसाने शिकारीला नेलं नाही, गायीसारखं दावणीला बांधलं नाही. वस्तीच्या कडेला त्याला खाणं मिळालं, माणसाचं धान्य वाचलं. आज जगभरातल्या घरांत दिसणाऱ्या मांजरींचा वंश मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या याच रानमांजराचा आहे, हे जनुकीय अभ्यासातून दिसून आलं आहे.

पण कडेकडेने फिरणारं रानमांजर आणि माणसाचा हात लावून घेणारी मांजर यांत बराच फरक आहे. त्यातला पहिला ठळक पुरावा सायप्रस बेटावरचा. शिलुरोकांबोस नावाच्या जुन्या वस्तीत सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली आणि फ्रेंच संशोधकांनी २००४ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. कबरीत एक माणूस आहे आणि त्याच्यापासून अवघ्या ४० सेंटिमीटरवर वेगळ्या छोट्या खड्ड्यात आठेक महिन्यांची एक मांजर नीट ठेवलेली आहे. सायप्रसमध्ये मूळची रानमांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी ती होडीत घालून समुद्रापार नेली असणार. मोठं, भेदरलेलं रानमांजर होडीत घालून पाहा म्हणजे कळेल. मला तरी वाटतं, कुणीतरी एखादं पिल्लूच उचललं असेल, छातीशी धरलं असेल आणि ओरखडे सोसले असतील. त्या मांजरी पूर्ण पाळीव झाल्या होत्या असं यावरून म्हणता येत नाही. एका माणसाला एक मांजर जवळ असावीशी वाटली, इतकं मात्र नक्की म्हणता येतं.

आपल्या उपखंडातही मांजर जुनी आहे. सिंधमधल्या चन्हुदडो इथे हडप्पा काळातली एक वीट मिळाली. वीट ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळाली आणि मागोमाग कुत्रा. दोघांचे पंजे तसेच भाजले गेले.

आमच्या दादीला सायप्रस ठाऊक नव्हतं, पण मांजर कुठून आली हे ठाऊक होतं. नूह अलैहिस्सलाम यांच्या नौकेत उंदीर फार झाले, धान्य खाऊ लागले, दोर कुरतडू लागले. लोकांनी तक्रार केली. मग सिंहाला शिंक आली आणि त्याच्या नाकातून मांजरीची जोडी बाहेर पडली. ही गोष्ट दादीने रचलेली नव्हती. इमाम तबरींच्या इतिहासात ती येते, चौदाव्या शतकात कैरोच्या दमीरींनी प्राण्यांवर जो कोश लिहिला त्यातही येते. कुराणात ती नाही, आणि उलेमा अशा कथांकडे कथा म्हणूनच पाहतात. पण त्या कथेत मांजरीचं काम चोख सांगितलं आहे. बंद नौका, साठवलेलं धान्य आणि उंदीर. मांजर तिथे शोभेसाठी आली नाही.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते.

मांजर आणि इस्लाम म्हटलं की समाजमाध्यमांवर एक गोष्ट हटकून फिरते : प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या अंगरख्याच्या बाहीवर मुएझ्झा नावाची मांजर झोपली होती, तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाही कापली. गोष्ट गोड आहे, पण हदीसच्या ग्रंथांत ती मिळत नाही. जे मिळतं ते माझ्या मते या गोष्टीहून जास्त मोलाचं आहे.

पहिली नोंद अबू हुरैरा यांच्या नावाची. हुरैरा म्हणजे लहानशी मांजर. तिर्मिजीत त्यांनी स्वतः सांगितलेलं कारण आहे. ते घरच्या शेळ्यामेंढ्या चारायचे, त्यांच्याजवळ एक मांजरीचं पिल्लू होतं. रात्री ते त्याला झाडावर ठेवत, दिवसा सोबत नेऊन त्याच्याशी खेळत. म्हणून लोक त्यांना या नावाने हाक मारू लागले. सर्वांत जास्त हदीस ज्यांच्या नावावर आहेत, ते रानात पिल्लू सांभाळणारे एक गुराखी होते.

दुसरी नोंद एका सुनेची आहे, म्हणून मला जास्त जवळची. काब बिन मालिक यांची मुलगी कबशा ही अबू कतादा यांच्या घरची सून. सासरे आले, तिने वुजूसाठी पाणी ओतलं. तेवढ्यात मांजर आली आणि भांड्यात तोंड घालू लागली. सासऱ्यांनी तिला हाकललं नाही, उलट भांडं कलतं केलं आणि तिचं पिऊन होईपर्यंत तसंच धरलं. सून बघत राहिली. त्यांनी विचारलं, नवल वाटलं का? ती हो म्हणाली. तेव्हा त्यांनी प्रेषितांचं (स.) म्हणणं सांगितलं : मांजर नापाक नाही, ती तुमच्या अवतीभवती येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी आहे. इमाम मालिक यांच्या मुवत्तात आणि अबू दाऊद, तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे.

यातला 'तव्वाफीन' हा शब्द पाहा. सतत फिरणारे, येणारेजाणारे. काब्याभोवतीच्या तवाफचं मूळही तेच. सूरह नूरच्या ५८व्या आयतीत याच धातूचा शब्द घरातली लहान मुलं आणि घरात राबणारी माणसं यांच्यासाठी आला आहे. ज्यांचं घरात येणंजाणं चालूच असतं, त्यांना दर वेळी अडवणं शक्य नसतं. मांजर या लोकांत मोजली गेली. फिकहच्या विद्वानांनी यावर बारीक चर्चा केली. मांजरीचं उष्टं पाणी इमाम मालिक आणि इमाम शाफई यांच्या मते पाक, तर इमाम अबू हनीफा यांच्या मते पाक, पण दुसरं पाणी असताना टाळलेलं बरं. तपशिलात फरक आहे. कारण मात्र सगळे तेच धरतात : ती घरातली येणारीजाणारी आहे. तिला घराबाहेर ठेवून धान्याचं घर चालत नाही.

आणि तिसरी, ती बाईची हदीस. आपण ती मुलांना अर्धीच सांगतो. "मांजरीला कोंडलं म्हणून शिक्षा झाली." मूळ हदीसमध्ये दोन गोष्टी आहेत. त्या बाईने मांजरीला खायला दिलं नाही, आणि जमिनीवरचे जीव धरून खाण्यासाठी मोकळंही सोडलं नाही. दोन वाटा होत्या आणि तिने दोन्ही बंद केल्या. हजरत आयेशा यांनी या हदीसबद्दल अबू हुरैरा यांना हटकल्याचीही रिवायत आहे. ती बाई ईमानवालीच नव्हती, केवळ मांजरीपायी मोमिन स्त्रीला अल्लाह असं शासन करणार नाही, सांगताना विचार करून सांगत जा, असं त्यांचं म्हणणं. शिक्षेचं नेमकं कारण काय, यावर विद्वान बोलतील. मला त्यातली व्यवहाराची बाजू दिसली. मांजर तुमचं अन्न खाईल किंवा स्वतःची शिकार खाईल. यातली निदान एक वाट उघडी ठेवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. उंदीर मारणारी मांजर ठेवणाऱ्या प्रत्येक घराला लागू पडणारा हा नियम आहे.

हा विचार फक्त आपल्याकडेच झाला असं नाही. युरोपात वेल्समध्ये दहाव्या शतकातल्या हौएल दा राजाच्या नावाने चालत आलेले कायदे आहेत. त्यांत मांजरीची किंमत ठरवून दिली आहे. पिल्लाचे डोळे उघडेपर्यंत एक पेनी. डोळे उघडल्यापासून उंदीर मारायला लागेपर्यंत दोन पेनी. उंदीर मारायला लागली की चार. विकलेल्या मांजरीचे कान, डोळे, दात, नखं शाबूत हवेत, तिने उंदीर मारले पाहिजेत आणि स्वतःची पिल्लं खाता कामा नयेत. राजाच्या कोठाराची राखण करणारी मांजर कुणी मारली किंवा चोरली तर दंडही विलक्षण. मांजरीला शेपटी धरून, डोकं जमिनीला टेकेल असं उभं धरायचं आणि शेपटीचं टोक झाकेपर्यंत तिच्यावर गहू ओतायचा. तेवढा गहू भरपाई म्हणून द्यायचा.

हे वाचून मी कागद घेऊन आमचा हिशेब मांडायला बसले होते. किती गहू होईल? मग कागद बाजूला ठेवला.

मांजर नसण्याची किंमत धान्याहून मोठी असू शकते, हे आपल्या महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी गाठीच्या प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी हा बंदराला लागून असलेला, धान्याच्या गोदामांचा भाग. तिथे उंदरांची चंगळ होती आणि तिथेच आधी उंदीर पटापट मरत होते. पुढे रोग पुण्यात गेला, खेड्यापाड्यांत गेला. मार्च १८९७मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. देशभरात पुढच्या काही दशकांत सुमारे एक कोटी माणसं या रोगाने गेली. आढ्यावरून उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडायचं आणि वावरात झोपड्या घालून राहायचं, हे लोक अनुभवातून शिकले होते. शास्त्राला त्याचं कारण जरा उशिरा सापडलं. १८९८मध्ये कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरावरच्या पिसवेचा संबंध दाखवला. १९०५नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या प्रयोगांनी तो पक्का झाला.

या धामधुमीत आमच्या वऱ्हाडातून एक आवाज उठला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्युकॅनन यांनी गावोगावच्या मांजरींची मोजदाद करवली आणि १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांजर ही प्लेगला आळा घालणारी आहे, असा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्या गावांत घरोघर मांजरी आहेत तिथे प्लेग फारसा नाही, जिथे मांजरी कमी तिथे जास्त. तेव्हा सापळे आणि विष यांच्याबरोबर लोकांना मांजरी पाळायला सांगा.

माझ्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी कुणी मांजरी मोजल्या होत्या, हे मला या निमित्ताने कळलं. ब्युकॅनन यांचं सगळंच खरं ठरलं असं नाही. प्लेगचा उंदीर खाऊन मांजरीलाही प्लेग होतो आणि तिच्यापासून माणसालाही होऊ शकतो, हे आज माहीत आहे. म्हणजे साथ आत शिरल्यावर मांजर हा उपाय नव्हे. त्यांचं निरीक्षण मात्र वाया गेलं नाही. ते नेमकं कुठे लागू पडतं, हे पुढे इंग्लंडमधल्या शेतांवर दिसलं.

चार्ल्स एल्टन हे प्राणिशास्त्रातलं मोठं नाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडला धान्याचा दाणा न् दाणा महत्त्वाचा होता. तेव्हा ऑक्सफर्डच्या आसपासच्या शेतांवर उंदीर आणि मांजरी यांचा अभ्यास झाला. १९५३मध्ये एल्टन यांनी त्याचे निष्कर्ष छापले. जिथे घुशीएवढ्या मोठ्या उंदरांनी आधीच ठाण मांडलं आहे, तिथे मांजरी त्यांना हुसकू शकत नाहीत. पण एकदा दुसऱ्या उपायाने जागा साफ केली, तर मांजरी तिथे नवे उंदीर वसू देत नाहीत. अट एकच, मांजरींना रोज घरून दूध आणि थोडं खाणं मिळालं पाहिजे. मग त्या इमारतीपासून पन्नासेक यार्डांच्या आत वावरतात आणि तेवढी जागा राखतात. खाणं दिलं नाही तर पोटासाठी दूरदूर भटकतात आणि कोठार उघडं पडतं.

उपाशी मांजर जास्त उंदीर मारते, असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. मीही म्हणायचे. उपाशी मांजर बांध ओलांडून दुसऱ्याच्या वावरात जाते, एवढंच होतं. हदीसमधल्या दोन वाटा होत्या ना, अन्न द्या किंवा मोकळं सोडा? धान्य राखायचं असेल तर दोन्ही एकदम द्याव्या लागतात.

इथवर वाचून झालं तोवर पिल्लं मला पाहून फिस्कारायची थांबली होती. ते माझं कौशल्य नव्हे, वयाचा हिशेब होता. आयलीन कार्श या अमेरिकी संशोधिकेने १९८०च्या दशकात दाखवून दिलं, की पिल्लाचं वय दोन ते सात आठवडे असतानाच त्याला माणसाचा हात लागला तर ते माणसाळतं. तो काळ उलटला की काम फार अवघड होतं. आमच्या हातात दोन आठवडे होते. रोज सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी परत आल्यावर मी खोलीत जमिनीवर बसायची. पहिले तीन दिवस फक्त बसायचं, वाचायचं, त्यांच्याकडे पाहायचंही नाही. उकडलेलं अंडं कुस्करून, बिनमसाल्याची कोंबडी बारीक करून वाटीत. डॉक्टरांनी गाईचं दूध बंद करायला सांगितलं होतं, पिल्लांचं पोट बिघडतं. वाटी रोज वीतभर माझ्याकडे सरकवायची. पाचव्या दिवशी एकाने माझ्या बोटावरचं अंडं चाटलं. दुसरं, राखाडी, आईवर गेलेलं, दहाव्या दिवशीसुद्धा पोत्यामागेच होतं. अम्मा त्याच्यासाठी दुपारी वेगळ्या येऊन बसायच्या, तस्बीह घेऊन.

एक धोका इथे सांगायला हवा. रानात सापडलेलं प्रत्येक पिल्लू मांजरीचं नसतं. आपल्याकडे ऊसतोडणीत, गव्हाच्या काढणीत बाऊल म्हणजे रानमांजराची पिल्लं सापडतात, कधी वाघाटीची. लोकांना ती साध्या मांजरीची वाटतात. ती उचलायची नाहीत. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि आई बहुतेक वेळा जवळच असते. जागा सोडून बाजूला व्हायचं आणि वनविभागाला कळवायचं. गावमांजरीची पिल्लंसुद्धा एकटी दिसली म्हणून लगेच उचलू नयेत. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपण म्हणतोच. ती एकेक करून हलवत असते. आमच्या पिल्लांची आई येणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं म्हणून आम्ही उचलली.

पण आई नसण्याचा आणखी एक अर्थ आहे, तो मला सगळ्यात शेवटी कळला. झिंग-यांग कुओ या चिनी संशोधकाने १९३०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर मारणाऱ्या आईसोबत वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पिल्लं पुढे उंदीर मारू लागली. एकट्याने वाढवलेल्या २०पैकी ९. आणि लहानपणापासून उंदराबरोबरच एका पिंजऱ्यात वाढवलेल्या १८पैकी फक्त ३. शिकार रक्तात असते असं आपण समजतो. ती थोडी रक्तात असते, बाकी आई शिकवते. आधी मेलेला उंदीर आणून देते, मग अर्धमेला, मग जिवंत. मी बीएड करताना सोप्याकडून अवघडाकडे जायचं शिकले. ती फाटक्या कानाची मांजर न शिकता तेच करत होती. आणि आम्ही तिला विषाची शिकार पुरवली. तिने तीच पिल्लांनाही आणून दिली असणार. तिसरं पिल्लू का गेलं, याचं उत्तर बहुधा त्यातच आहे. मुलीला मी हे अजून सांगितलेलं नाही.

खोलीचं दार आम्ही बाविसाव्या दिवशी उघडलं. त्याआधी उरलेल्या सगळ्या वड्या गोळा केल्या, बिळं शोधून मेलेले उंदीर खोल पुरले. बियाण्यासाठी पत्र्याच्या दोन कोठ्या घेतल्या, जमिनीपासून वीटभर उंच ठेवल्या. मांजर पन्नास यार्ड राखते, पण पोतं उघडं टाकून तिच्यावर भार टाकायचा नाही, एवढं मला एल्टनसाहेबांनी शिकवलं होतं. दार उघडलं तेव्हा मुलगी माझ्या बाजूला उभी होती. मी तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्या बाईने कोंडलं आणि उपाशी ठेवलं. आपण खायला दिलं, आणि आता मोकळंही सोडतो आहोत. ती म्हणाली, "आणि आली नाहीत तर?" मी म्हटलं, तर तो त्यांचा हक्क.

तपकिरी पिल्लू अंगणात आलं, ऊन बघून थबकलं, परत आत गेलं. राखाडी दाराशी आलं, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि कुटाराच्या दिशेने गेलं. त्या रात्री वाटी भरून ठेवली. सकाळी ती रिकामी होती. कोणी खाल्ली ते कळलं नाही.

तपकिरी आता मोठी झाली आहे. तिसऱ्या महिन्यात तिला रेबीजची लस दिली, पुढे तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन तिची नसबंदी केली, नाहीतर वर्षात वावर मांजरींनी भरलं असतं आणि त्यातल्या निम्म्या उपाशी मेल्या असत्या. ती रात्री कोठ्यांवर झोपते. पहिला उंदीर तिने पावसाळ्यात धरला आणि त्याचं काय करायचं हे न कळून अर्धा तास तोंडात घेऊन फिरत राहिली. राखाडी पुन्हा कुणाला जवळून दिसली नाही. गोठ्याच्या आढ्यावर कधीकधी काहीतरी सळसळतं.

अम्मा वुजूला बसतात तेव्हा तपकिरी बदन्यात तोंड घालायला येते. अम्मा हनफी मसलकच्या, पाणी बदलतात. पण आधी बदना कलता करतात आणि तिचं पिऊन होईपर्यंत थांबतात.